मंगल अजून आत आहे

मंगल, काल तुझं तेरावं झालं. तुझ्या यजमानांनी, भाऊजींनी, आग्रह करकरून वाढलं आणि मी पानावर बसून भाताचा ढीग इकडचा तिकडे करत राहिले. तेराव्याच्या पानावरून तसंच उठू नये म्हणतात, म्हणून उठले नाही एवढंच. खरं सांगू का, मला तुझा राग येत होता. जाणारं माणूस सगळं आवरून-सांगून जात नाही, हे मला कळतं. पण तू एक गोष्ट सांगून जायला हवी होतीस. ती सांगितली नाहीस, म्हणून तू गेल्यानंतरच्या त्या चार-पाच दिवसांत मी जेवढी घाबरले, तेवढी जन्मात कधी घाबरले नव्हते.

तुझे गुण मी गाणार नाही. ते कारखान्यातल्या शोकसभेत गाऊन झाले. मॅनेजरसाहेब तुला 'कर्तव्यदक्ष' म्हणाले. तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस आणि आपण दोघी खाली मान घालून हसलो असतो. मी एकटीच मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, रडते आहे. तसं तेही खरंच होतं.

आपण नेमकं काय करायचो, हे बाहेरच्या माणसाला सांगताना मला नेहमी धाप लागते. तेराव्याला माझी बहीण आली होती डहाणूहून, तिने विचारलंच. म्हटलं, अथालच्या रस्त्याला सूत रंगवायचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या बाजूला एक एसीची खोली आणि त्यात आम्ही दोघी. प्रत्येक छटेची एक रेसिपी असते. अमुक सुताला कुठला रंग किती, पाणी किती गरम, किती वेळ ठेवायचं. त्या सगळ्या रेसिप्या एका यंत्रात. यंत्र बंद तर रंगखातं बंद, कारण महेशभाईंसारखा मुरलेला रंगमास्तरही आता अंदाजाने रंग ओतायला धजत नाही. बहीण म्हणाली, "म्हणजे तुम्ही टायपिंग करायचा ना?" तिला काय सांगू? म्हटलं, हो, टायपिंगच.

सुरुवातीला होतंच की ते टायपिंग. तू चोपड्याकडून लग्न होऊन इथे सिल्वासात, टोकरखाड्याला आलेली, मी नवऱ्याच्या सरकारी बदलीपायी आलेली. दोघींना टंकलेखनाच्या सर्टिफिकेटवर घेतलं आणि दोघींच्या पुढ्यात काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. मी पहिल्या दिवशी कळ दाबायलाही घाबरत होते आणि तू आत काय आहे ते बघायला झाकण उघडायला निघाली होतीस. तिथेच आपलं भांडण सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

ते भांडण तरी काय, उभ्या सिल्वासात आपल्या दोघींशिवाय कुणाला कळलं नसतं. वापी स्टेशनच्या स्टॉलवर कॉम्प्युटरचं मासिक मिळतं, त्याच्यासोबत सीडी येते. त्या सीडीवर सगळं तयार असतं. कुणीतरी शहाण्या माणसांनी बांधून, गुंडाळून दिलेली पॅकेजं. घाला, चालवा, घरी जा. हे माझं मत. तू मात्र त्याच सीडीवरून तयार पॅकेज सोडून सोर्स उचलायचीस. म्हणजे मूळ लिहिलेला मजकूर, जो यंत्राला तसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राकडूनच यंत्राच्या भाषेत करून घ्यायचा, कंपाईल करायचा. जे काम मी चहा पिता पिता उरकलं असतं, त्याला तुझा अख्खा दिवस. पडदाभर ओळी सरकत असायच्या आणि तू त्यांच्याकडे टक लावून, जशी काही दुधावर लक्ष ठेवते आहेस.

"तयार आहे ना ते? मग कशाला जिवाला त्रास?" मी म्हणायचे.

"तयार शे, पन तुले काय माहीत आत काय भरेल शे?" तू रागावलीस की तुझी अहिराणी बाहेर यायची.

"आणि घरी तयार मसाल्याची पुडी आणतेस, त्यात काय भरलंय ते विचारलंस कधी दुकानदाराला?"

दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवून मसाला कुटायचे मी, आणि पुडी फोडायचीस तू. खानदेशी बाई असून पुडी! मी तुला बरणी भरून द्यायचे आणि तू ती संपवून रिकामी बरणी परत आणायचीस, वर म्हणायचीस, "तुझं हे कुटणं म्हणजे सोर्सच की गं. मग यंत्रापुढे आल्यावर तुला काय होतं?"

मला काय होतं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मला भीती वाटते. मसाला बिघडला तर आमटी बिघडेल. यंत्र बिघडलं तर महेशभाई दारात येऊन उभे राहणार, त्यांच्यामागे पाळीची माणसं, त्यांच्यामागे मॅनेजरसाहेब. ज्याने पॅकेज बांधलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा त्याच्या हातचं घ्यावं, आपल्या हातचं घेऊ नये, इतकंच माझं तत्त्व होतं. तुला मी आळशी वाटायचे.

तुझ्या धीटपणाचं मात्र मला कौतुक वाटायचं, दुधनीला जाईपर्यंत. आठवतं ना, दोन्ही घरं मिळून धरणाच्या पाण्यावर गेलो होतो. सगळे होडीत बसले आणि तू काठावर उभी. पांढरीफटक. भाऊजी हात पुढे करताहेत, पोरं हसताहेत, आणि तू नावाड्याला विचारते आहेस, "होडी कुनी बांधली?" तो म्हणाला, "मींच बांधली, बाय." मग त्याला लाकूड कुठलं, फटी कशाने भरल्या, सगळं विचारून घेतलंस आणि चढलीस. मला तेव्हा लख्ख कळलं की तू माझ्याहून धीट वगैरे काही नाहीस. मी मोडेल म्हणून घाबरायचे, तू आतलं दिसत नाही म्हणून घाबरायचीस. तेव्हापासून तू मला जास्तच आवडायला लागलीस, ते सांगायचं राहून गेलं.

आता त्या किल्लीच्या दिवसाबद्दल. यंत्राचा जो गाभा असतो, सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतो, तोही तू स्वतः कंपाईल करायचीस. करण्याआधी यंत्र एकेक प्रश्न विचारतं. हे हवं का? ते हवं का? हो किंवा नाही. प्रश्नांची ही लांब रांग, आणि चुकून 'नाही' म्हटलं तर मागे फिरायची सोय नाही, पहिल्यापासून सुरुवात. तू प्रश्न मोठ्याने वाचायचीस आणि मोठ्याने उत्तर द्यायचीस. हो. नाही. नाही. हो. खोलीत कुणी नवं माणूस आलं तर त्याला वाटायचं, ही बाई यंत्राला साक्ष देते आहे.

तर त्या दिवशी मी रजेवर होते आणि तू एकटीने नवा गाभा केलास. गाभा हलका व्हावा म्हणून डिस्क वाचायची विद्या त्यातून काढून वेगळ्या तुकड्यात ठेवलीस, आणि तो तुकडा ठेवलास डिस्कवरच. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलंस. यंत्र बंद करून चालू केलं, तर गाभा जागा झाला आणि तिथेच अडला. डिस्क वाचायला तुकडा हवा, तुकडा वाचायला डिस्क हवी. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा महेशभाई दारात उभे होते. "बेन, पाणी गरम थई गयुं छे, रेसिपी आपो ने." बिचारे रागावलेही नव्हते, त्यानेच जास्त मेल्यासारखं झालं. फ्लॉपीवरून यंत्र उठवलं आपण.

त्यानंतर तूच नियम केलास. नवा गाभा तयार झाला की एक शेवटची कमांड द्यावी लागते, नव्या गाभ्याचा पत्ता यंत्राला सांगणारी. ती दिली नाही तर पुढच्या वेळी यंत्र उठताना जुन्या पत्त्यावर जातं, तिथे कुणी नसतं, आणि ते तसंच पडून राहतं. ही कमांड इथून पुढे एकटीने द्यायची नाही, असं तू ठरवलंस. एकीने टाईप करायची, दुसरीने मोठ्याने वाचून एंटर मारायचा. टाईप नेहमी तूच करायचीस. मी वाचायचे, आणि मागचं-पुढचं काही कळलं नाही तरी एंटर मारायचे. मला हसू यायचं. देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं वाटायचं.

आता त्या शनिवारी काय झालं ते.

रंगखात्यात दुसरा पडदा बसवायचा म्हणून नवीन नेटवर्क कार्ड आलं होतं आणि ते ओळखणारा गाभा हवा होता. सीडीवरच्या तयार गाभ्यात ते कार्ड होतं. मी म्हटलं, तो घाल आणि मोकळी हो. तू म्हणालीस, जगातल्या यच्चयावत कार्डांचं ओझं आपल्या म्हाताऱ्या यंत्राच्या डोक्यावर कशाला? मी म्हटलं, ओझं होऊ दे, उठतं तर आहे ना! तू स्वेटर घालून, वर शाल घेऊन बसली होतीस. अंग मोडून आलंय म्हणालीस, मी एसीवर खापर फोडलं. अर्धा दिवस भरल्यावर मी निघाले तेव्हा ओळी सरकत होत्या आणि आपलं भांडण अर्ध्यात होतं.

"तू जाय घर, मी करस ते," तू म्हणालीस. "बाकीचं सोमवारले बोलूत."

सोमवारी तू आली नाहीस. मेंदूचा मलेरिया, असं मंगळवारी कळलं. आपल्याकडे थंडीताप कुणाला येत नाही? पण 'मेंदूचा' म्हटल्यावर मी तशीच उठून निघाले.

मी दवाखान्यात आले होते, मंगल. तुला कळलं नसेल. डोळे उघडे होते तुझे, पण ते माझ्यावर नव्हते. भाऊजी तुझा हात धरून बसले होते आणि तू पुटपुटत होतीस. हो. हो. नाही. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, नाही. हो. भाऊजींनी हळूच मला विचारलं, "शैलाताई, ती कोनले जबाब दी राहिनी व्हई?" मला माहीत होतं. तुझ्या तापातही ते प्रश्न चालू होते आणि मागे फिरायची सोय नव्हती. मी भाऊजींना म्हटलं, ताप आहे, काहीही बोलतं माणूस. मला वाटलं होतं, ताप उतरला की तुला चिडवेन यावरून.

बुधवारी तू गेलीस.

आणि गुरुवारी सकाळी मी त्या खोलीत एकटी बसले असताना मला आठवलं, तो गाभा. शनिवारी तू तो पुरा केलास की नाही? डिस्कवर बघितलं, नवा गाभा ठेवलेला होता, शनिवारच्या संध्याकाळची वेळ होती त्यावर. जुना तू पुसला होतास, कारण जागा पुरत नव्हती. यंत्र चालू होतं ते फक्त जुना गाभा अजून त्याच्या डोक्यात होता म्हणून. बंद केलं असतं तर तोही गेला असता. आणि ती शेवटची कमांड? ती तू दिली होतीस का? एकटीने द्यायची नाही हा नियम तुझाच. पण अंगात ताप होता, घरी जायची घाई होती. दिली असशील. नसशीलही.

मग तू म्हणशील, तूच देऊन टाकायचीस की. मीही तेच म्हटलं मनाशी. बोट कळेपर्यंत गेलं आणि मागे आलं. तू दिली नसशील तर का दिली नव्हतीस? काही चुकलेलं दिसलं म्हणून थांबली होतीस का? घरात राहिलेल्या किल्लीसारखं काही? माझ्या हाताने मी यंत्राला चुकीचा पत्ता सांगितला तर? निदान आत्ता ते चालू आहे. यंत्र चालू होतं तोवर मला कुणी काही विचारणार नव्हतं, म्हणून मी काहीच केलं नाही. कुणी पंख्याचं बटण दाबलं तरी मी दचकून यंत्राकडे बघायचे.

शुक्रवारी फाटकावर नोटीस लागली. रविवारी लाईनीचं काम, दिवसभर वीज नाही. आपल्या बॅटऱ्या किती वेळ तग धरतात तुला ठाऊकच आहे. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, आता मंगलबाई नाहीत, तेव्हा सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला रेसिपी मिळाली तर ठीक, नाही तर हे कॉम्प्युटरचं खातं इथे ठेवण्यात अर्थ नाही, वापीच्या पार्टीला काम देऊन टाकू. शनिवारी वापीहून त्यांचा माणूस येऊनही गेला. तरणा, हसरा, वाईट नव्हता. यंत्राकडे बघून म्हणाला, "बेन, हवे सोर्स-बोर्स कोण करे छे? सीडी नाखो, नेक्स्ट, नेक्स्ट, काम खतम."

माझंच वाक्य. दहा वर्षं मी तुला जे ऐकवलं ते शब्दशः त्याच्या तोंडून आलं, आणि माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! म्हटलं, "आमचा रेसिपीचा प्रोग्रॅम तुमच्या सीडीवर आहे का? तो आमच्या मंगलने याच यंत्रावर बांधलाय." तो म्हणाला, "ए तो जोवुं पडशे." बघावं लागेल. तयार वस्तूच्या बाजूने दहा वर्षं भांडलेली मी, ती समोर चालून आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं मला.

तो गेल्यावर मी जुनी फ्लॉपी शोधली, तीच, किल्लीच्या दिवशी वाचवणारी. पावसाळ्याने तिला बुरशी धरली होती. नवी बनवली. पण ती चालते की नाही हे यंत्र बंद करून पाहिल्याशिवाय कळणार कसं? हसू नकोस.

बंद करण्याआधी आत कोण कोण काम करतंय ते बघायचं असतं, तुझीच शिकवण. ती कमांड दिली. दोन नावं आली. शैला. मंगल.

मी खुर्चीवरून उठलेच, गं. दाराशी जाऊन उभी राहिले. भरदुपार होती, बाहेर ट्रकमध्ये सूत चढवत होते, माणसं ओरडत होती, आणि मी दाराला धरून उभी. तू आत होतीस. मागच्या शनिवारी यंत्रातून बाहेर न पडताच घरी गेली होतीस. तुझ्या दुसऱ्या पानावर तू अजून बसलेली होतीस, आणि त्याच्यापुढे किती वेळ हालचाल नाही ते यंत्राने लिहिलं होतं. पडदा एकच, पण त्यावर पानं दोन; मी पहिल्या पानावर, तू दुसऱ्या, हे ठरलेलं. दोन कळा एकदम दाबल्या की पान बदलतं. एवढ्या दिवसांत ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गेलेल्या माणसाचं कपाट उघडायला घरातली माणसंही थबकतात. मी तर तुझी कोण? तिथे काहीतरी घोर चूक दिसेल, लाल अक्षरांत नाही पण तसंच काहीतरी, आणि ती मला निस्तरता येणार नाही, ही एक भीती. आणि तिथे काहीच नसेल, रिकामं पान असेल, ही दुसरी. कुठली मोठी ते मला ठरवता आलं नाही. पाणी प्यायले. पदर खोचला. दाबल्या कळा.

तुझं पान आलं. वर कंपाईलच्या शेवटच्या ओळी होत्या, एकही चूक नाही. त्याखाली गाभा जागेवर नेऊन ठेवल्याची ओळ. आणि सगळ्यात खाली ती शेवटची कमांड टाईप केलेली. तिच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. एंटर मारलेला नव्हता.

तू थांबली होतीस माझ्यासाठी. अंगात तो जीवघेणा ताप, शाल गुंडाळलेली, एक कळ दाबली असती तर काम संपलं असतं, आणि तू ती सोमवारसाठी ठेवून घरी गेलीस. मी हमसून हमसून रडले. शोकसभेत अशी नाही, स्मशानात भाऊजींकडे बघून नाही, तिथे रडले. महेशभाई दारात येऊन उभे राहिले, पंखा लावून गेले.

मग मी ती कमांड मोठ्याने वाचली. अक्षर न् अक्षर. आणि एंटर मारला. यंत्राने नव्या गाभ्याचं नाव एका ओळीत लिहिलं, म्हणजे पत्ता घेतला.

रविवारी सकाळी वीज जायच्या आधी बंद करायला गेले. बंद होताना यंत्र आत असलेल्या सगळ्यांना सूचना देतं की काम आवरा. ती सूचना तुझ्या पानावरही गेली असणार. मी बघायला गेले नाही. मग एकेक करून सगळं थांबलं, डिस्कचा आवाज खाली खाली येत बंद झाला, आणि खोलीत कधी नव्हती अशी शांतता. घरी येऊन भाकऱ्या केल्या, दोन करपवल्या. नवरा म्हणाला, "अगं, यंत्रच आहे ते."

संध्याकाळी वीज आली. मी एकटीच होते. बटण दाबलं आणि मनात रामरक्षा सुरू केली. अक्षरं आली. डिस्कशी आली तेव्हा थबकली, आणि मग पुढे सरकली. डिस्क मिळाली. नवं कार्ड मिळालं. रामरक्षा अर्ध्यावरच राहिली. यंत्र उठलं, मंगल. सोमवारी महेशभाईंना पहिल्या पाळीला रेसिपी मिळाली आणि खातं तूर्त राहिलं.

पण मला तुला निराळंच सांगायचं आहे. उठताना सुरुवातीच्या ओळींत एक ओळ येते. इतकी वर्षं सरकन वर जायची, मी कधी वाचली नव्हती. हा गाभा कुणी, कुठल्या यंत्रावर, कुठल्या दिवशी, किती वाजता कंपाईल केला ते त्यात लिहिलेलं असतं. सीडीवरचा तयार गाभा असता तर कुणा परक्या माणसाचं नाव आलं असतं. इथे तुझं होतं. मंगल, शनिवार, संध्याकाळची वेळ. हे तुला माहीत होतं का? माहीत असून मला कधी बोलली नसशील तर तू पक्की आहेस.

आज सकाळी भाऊजी तुझा स्वेटर आणि डबा न्यायला आले. खुर्चीत बसले, तुझ्या नाही, माझ्या. म्हणाले, ती दिवसभर काय करायची इथे, मला कधी कळलंच नाही. मग मी त्यांना दवाखान्यातलं ते हो-नाही काय होतं ते सांगितलं. ते पडद्याकडे वळून बसले. मी म्हटलं, तिचं नाव आहे आत, बघायचं का? ती ओळ थांबवून दाखवायची कमांड आहे, मी दिलीही असती. पण ते म्हणाले, ती येते कशी ते बघायचंय.

महेशभाईंना विचारून आले, पाच-दहा मिनिटं रेसिपी लागणार नाही ना? आणि मग चालू, धडधाकट यंत्र मी आपणहून बंद केलं. चालू केलं. अक्षरं भराभर आली आणि भाऊजी पुढे वाकेपर्यंत ती ओळ निघूनही गेली. ते तसेच वाकलेले राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, आजून एक डाव दखाडा ना."

मी पुन्हा बंद केलं.